केक मी खाल्ला होता

माझी पन्नाशी आली. आता लिहिते, कारण अक्का अजून आहे आणि तिला वाचता येतं.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. सेलूत मिशनच्या एक गोऱ्या बाई राहायला आल्या होत्या. आधी त्या चीनमध्ये मुलींच्या कॉलेजात शिकवायच्या. तिथलं राज्य बदललं आणि त्यांना निघावं लागलं. माझी थोरली बहीण, अक्का, मॅट्रिकसाठी त्यांच्याकडं इंग्रजी शिकायला जायची. सोबतीला मी, नऊ वर्षांची. बाईंच्या टेबलावर त्यांच्या चिनी विद्यार्थिनींचा फोटो होता. एकीचे पाय लहानपणीच आवळून बांधलेले, तळहाताएवढे. तशा पायांनी ती कॉलेजात गेली, पुढं डॉक्टर झाली. अक्काची नजर त्या फोटोवरून हलायची नाही.

बाई तिला मिशनच्या कॉलेजात पाठवणार होत्या. दादा, म्हणजे आमचे वडील, कसेबसे कबूल झाले. अट एकच : मिशनवाल्यांच्या हातचं खायचं नाही, तिथंही स्वतःचं स्वतः रांधायचं. अक्का बाईंच्या बंगल्यात पाणीसुद्धा प्यायची नाही.

मी प्यायले. आणि एकदा बाईंनी दिलेला केक खाल्ला, उरलेला रुमालात बांधून आणला. गल्लीत म्हणायचे, त्यात अंडं असतं, खाल्लं की माणूस आतून किरिस्ताव होतं. त्या संध्याकाळी शुभंकरोती म्हणताना मी एकेक शब्द चाचपत होते. एखादा विसरला तर संपलंच.

सकाळी आत्याला आम्हा दोघींच्या अंथरुणात रुमाल सापडला.

"आता लेकीला मडमेचा झगा शिवा," ती दादांना म्हणाली.

दादांनी मला जवळ बोलावलं. आवाज हळू होता, त्याचंच जास्त भ्या वाटलं.

"कुणी खाल्लं?"

मला घरातून काढून देतील, एवढंच डोक्यात. "अक्कानं."

अक्का चुलीपाशी होती. "खरं हाय का?" दादांनी तिला विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"हाय," ती म्हणाली.

"मग न्हाई जायचं."

वैशाखात तिला बोरीला दिलं. बाईंनी विचारलं, ती का येत नाही? मी सांगितलं, तिलाच नको होतं.

पुढं मी शिकले, मास्तरीण झाले. दिवाळीला अक्का माहेरी येते, तेव्हा मी तिच्याजवळ एकटी बसत नाही. माझं नाव का घेतलंस, असं ती विचारेल. भ्याले होते, याशिवाय सांगायला माझ्याकडं काही नाही.