देज नव्हता तो

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नामपूरजवळच्या गावात, आमच्याच अंगणात. आमच्या कसलं, सासूच्या. सकाळपासून मी अंगण सारवलं, चहा केला, कपबशा विसळल्या, तिळगुळाचं ताट धरून उभी राह्यले. शेजारची एक नवी सून ओळीनं कुंकू लावत माझ्यापर्यंत आली. तिला बिचारीला काय माहीत? तिनं बोट माझ्या कपाळाशी आणलं, तशी सासू पाटावरून म्हणाली,

"तिले राहू द्या. ती इकत लयेल शे."

तिला राहू द्या, ती विकत आणलेली हाय. एवढंच. कुणी हसलं बी नाय. नवी सून पुढं सरकली. एका बाईनं मला विचारलं, चहात साखर का गं कमी?

मी सुरगाण्याकडच्या डोंगरातली. आमच्या पाड्यावर भात, नागली, आणि पाऊस सरला की द्राक्षाच्या बागांवर मजुरी. बागेवर माणसं नेणारा मुकादम माझ्या बाला, म्हणजे बापाला, भाऊ म्हणायचा. त्यानंच ही सोयरीक आणली. "बागायतदार माणसं हायेत. देज बी देतील," म्हणाला.

देज काय ते आधी सांगते, कारण घात तिथंच झाला. आमच्यात हुंडा नाय. पोराकडचे पोरीच्या बापाला देज देतात. पोरगी राबणारी, ती गेली की बापाचं घर अडतं, म्हणून तो तिचा मान. पाड्याची म्हातारी माणसं बसून ठरवतात. आणि नांदणं जमलं नाय तर पोरगी परत येते. बाप देज परत करतो. कुणाचं नाक कापलं जात नाय. माझी आत्या अशीच आली होती. पुढं दुसरं घर केलं, सुखात राह्यली.

बाला वाटलं, ही बी तीच रीत. एवढी मोठी माणसं आपल्या रीतीनं चालतात म्हणून खूशच झाला येडा. लग्न नाशकात लागलं. द्वारका चौकाच्या बाजूला, एका लॉजच्या खोलीत. हळद नाय, वाजंत्री नाय. आमच्या पाड्याचा एकटा बा. त्याला तेव्हा बी संशय आला नाय. मला आला होता. पण मला विचारलं कुणी?

ह्यांच्याकडं पोरी का नायत? पोटातच मारल्या. सासूनं स्वतः पाडल्यात, आणि सांगते कशी, तर म्हशीचं सांगावं तशी. आता पोरांना बायका मिळंनात, मग आणा डोंगरातल्या. तिथं जात आडवी येत नाय. माझ्या हातची भाकर चालते. कांद्याच्या चाळीत दिवसभर सडका कांदा मी निवडलेला चालतो. देव्हाऱ्याला हात चालत नाय. पोरगा झाला, तो चालला. त्याला मात्र शिकवलं, आजीला 'माय' म्हणायचं. मला तो 'ए' म्हणतो. घरातले सगळे म्हणतात तसं.

मागच्या उन्हाळ्यात चुलत दिराच्या लग्नाचं निघालं. एक दिवस सासूनं मला चुलीपासून उठवलं, पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं कुंकू लावलं.

"तुन्ही धाकली बहीनले लई ये. मंग तू बी आमनी."

धाकट्या बहिणीला घेऊन ये, मग तू बी आमची. खरं सांगते, मला रडू फुटलं. आपल्या बोलीत बोलणारं माणूस घरात येईल, असं बी क्षणभर मनात आलं. मग धाकलीचं तोंड आठवलं. बारावी झालेली, नर्स होणार म्हणून घर डोक्यावर घेणारी. ती ह्या चाळीत?

"चला, मीच बोलते बाशी," म्हणाले. पोराला घ्यायला वाकले, तर सासूनं त्याला कडेवर ओढला. "हाऊ आठेच राही." तो इथंच राहील.

जीपमध्ये पुढं नवरा आणि मुकादम, मागं मी. पाड्यावर बानं घोंगडी अंथरली. म्हातारी माणसं जमली. धाकली दाराआड. बानं मला विचारलं, "बेस आहास ना, पोरी?"

मी म्हणाले, "बा, मला तिथं नाय राहायचं. देज परत कर आणि मला ठेवून घे. आपली रीत हाय."

मुकादम ताडकन उठला. "काय बोलतीस गं!" म्हाताऱ्यांनी त्याला खाली बसवलं. बानं नवऱ्यापुढं हात जोडले. "जावईबुवा, पोरीचं मन नाय. बैल विकीन, पण देज परत करीन."

नवऱ्याला आधी कळलंच नाय. मग हसला. मनापासून हसला.

"परत? इकत लयेल ढोर कोनी परत करस का?"

विकत आणलेलं ढोर कुणी परत करतं का? बाचे हात तसेच जोडलेले. माझ्याकडं वळून म्हणाला, "देज नव्हता तो?"

"नव्हता, बा. माझी किंमत होती. आता धाकलीची घेऊन आलेत."

एक म्हातारा काठी घेऊन उठला, मुकादमाला जीपपर्यंत हाकललं त्यानं. धाकली वाचली. मला बा म्हणाला, राहा. नवरा जीपमधून एवढंच बोलला, "पोऱ्या आमनाकडे शे."

पोरगा त्यांच्याकडं. मी माझ्या पायानं जाऊन मागं बसले.

पोलिसांत का नाय गेलीस, असं विचारणारे लय. गेले होते. "लग्न झालंय, पोरगा हाय, घरचा मामला हाय," म्हणाले आणि नवऱ्यालाच बोलावून घेतलं. त्यानं घरी आणून काय केलं ते सांगत नाय.

दिवाळीनंतर चुलत दिराला बायको आली. पेठकडची. मुकादम तोच. मला थांबवता आलं नाय. पहिल्याच सकाळी नळावर तिला गाठलं. म्हणाले, "तुझ्या बानं घेतला तो देज नव्हे. जायचं तर आज पळ. पोर झालं की ते पोर धरून ठेवतात." ती गेली नाय. कुठं जाईल? मला मार पडला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. पुन्हा मार पडला. अजून सांगते. ती आता माझी नजर चुकवते.

मी इथून सुटंन असं मला वाटत नाय. ज्या पोरासाठी परत आले, तो उद्या बाप्या होईल. त्याला बी ह्या गावात बायको मिळायची नाय. त्याच्यासाठी हे लोक पुन्हा जीप काढतील, तोही पुढं बसंल. त्या दिवशी जीपला माझ्या अंगावरून जावं लागंल. चालवणारा माझा पोरगा असला, तरी मी उठणार नाय.