मोर्णेकाठची बार्सिलोना

अकोल्याच्या भाजीबाजारात शकीला एका चिंचेखाली बसायची. बागवानाची लेक, बागवानाचीच सून. नवरा गुलाम नबी मात्र बागेत रमला नाही. तरुणपणीच मुंबईला पळाला आणि वऱ्हाडच्या रुईच्या गाठी नेणाऱ्या आगबोटीवर स्वयंपाकाला लागला. गाठी उतरायच्या स्पेन देशात, बार्सिलोना नावाच्या शहरी. तो घरी आला, की शकीला वाढता वाढता विचारायची,

"तिथं भाजी कोनापाशी घेता?"

"बायाच बसतात बाजारात."

"मंग तिच्यासंगं काय बोलता, थे सांगा. एक अक्षर गाळू नका."

मायेपोटी म्हणा की संशयापोटी, मूर्तिजापूरच्या पुढे कधी न गेलेल्या या बाईला स्पॅनिश आली. बाजारापुरती आली, पण त्या बाजारात तिला कुणी फसवू शकलं नसतं.

गुलाम नबी बोट सोडून घरी बसला, त्याच्या दुसऱ्या वर्षी आचारी नत्थुजी महाराज तिच्या पाटीसमोर येऊन उभा राहिला. गोवर्धनदास शेठ रुईच्या सौद्यासाठी बार्सिलोनाला निघाले होते. शेठ म्हातारे, नत्थुजीच्या हातचं सोडून आयुष्यात दुसरं काही खाल्लेलं नाही. नागपूरहून दोघांचे पासपोर्टही आले होते.

"भाबी, मी शेठले नाई म्हनून सांगून देतो," नत्थुजी म्हणाला. "मुका मानूस बाजार कसा करन? म्हातारा उपाशी मरन माह्या हातून."

पाटीशेजारी बसलेल्या गुलाम नबीनं तिथंच एका दमात म्हणून दाखवलं, "ब्वेनोस दियास म्हंजे रामराम. कुआंतो म्हंजे कितीले. ग्रासियास म्हंजे मेहेरबानी. दोंदे म्हंजे कुठं..." नत्थुजीचा चेहरा पडत गेला.

"सरका जी," शकीला म्हणाली. "असं घोकून बाजार जमला असता, तं पोपटानं दुकान टाकलं असतं. महाराज, उद्या बागेत या."

मोर्णेकाठच्या बागेत तिनं गोणपाट अंथरलं, वांगी-बटाटे मांडले, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि पाठ फिरवून बसली. "मी आता शकीला नाई. मले मराठी येत नाई. चाला."

नत्थुजी पुटपुटला, "दोंदे... बटाटा?"

ती गर्रकन वळली आणि तोंडाला येईल ते स्पॅनिश असं भराभर बोलत सुटली, की नत्थुजी दोन पावलं मागं सरला.

"मले काय समजते थे!"

"मंग इचारलं कावून?" ती परत शकीला झाली. "ज्याचं उत्तर हातानं देता येते, थेच इचारा. कुआंतो म्हना अन् आपला पंजा पुढं करा. भाजीवाली बोटं दाखवन. जास्त वाटलं, तं मुई कारो. लय महाग."

"लोक हासतीन."

"हासू द्या. हासली का समजा ताजा माल देते."

गुलाम नबी बांधावर बसून ऐकत होता. तो एकदम गंभीर झाला. "महाराज, एक याद ठेवा. तिकडे तुपासारखं पांढरं मिळते, मान्तेका. डुकराची चरबी. आमाले हराम, तुमाले बी."

शकीलानं मान डोलावली आणि विषय तिथंच सोडला. दुसऱ्या दिवशी तेलाच्या बाटल्यांमध्ये तिनं चुन्यानं भरलेली वाटी ठेवली आणि लाडीगोडीनं म्हणाली, "मान्तेका, सेन्योर, मान्तेका." नत्थुजीचा हात सवयीनं पांढऱ्याकडे गेला. तिनं त्यावर मुळा हाणला.

"मेला तुमचा शेठ."

नत्थुजी ओशाळला. "नो मान्तेका," तो हळूच म्हणाला.

"ओठातून नाई. पोटातून काढा."

"नो मान्तेका!"

नदीवर धुणं धुणाऱ्या बायांनी माना वर केल्या. शकीला खूश झाली. "आता तेल मागा. आसेइते."

रोजचा खेळ झाला. कधी ती रुसलेली भाजीवाली व्हायची, कधी बहिरी, कधी लबाड. नत्थुजीला घाम फुटायचा, पण दुसऱ्या दिवशी तो यायचाच. शेवटच्या दिवशी सौदा पुरा झाला आणि तो निघाला, तर तिनं हटकलं.

"कुठं चालले? ग्रासियास म्हना अन् झोळी उघडी धरून उभे राहा. वरून सांबार घ्या."

गुलाम नबी हसत सुटला. "अगं, तिकडे कोथिंबीर नाई देत कोनी फुकट. मी एवढ्या खेपा केल्या."

"भाजीवाली आहे ना थे? मंग देईन. उभे राहा, महाराज."

नत्थुजी गेला. शकीला रोजच्यासारखी चिंचेखाली बसत राहिली. पण वांगं तोलता तोलता तिचा हात मध्येच थांबायचा. आपल्या भरवशावर एक म्हातारा समुद्रापार गेला आहे, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

थंडीत एके सकाळी नत्थुजी स्टेशनावरून सरळ बाजारात आला, हातात ट्रंक तशीच.

"शेठ?" तिनं आधी तेच विचारलं.

"ठनठनीत. टांग्यात बसून घरी गेले." तो तिच्यापुढं उकिडवा बसला. "पयल्या दिवशी आवाजच निघेना, भाबी. तेवढ्यात तिथल्या भाजीवालीनं पांढऱ्याचा डबा पुढं केला. मले तुमचा मुळा आठवला. असा ओरडलो, का सारा बाजार वळून पाहे. थे हासली अन् मागून तेलाची बाटली काढली."

"अन् झोळी?"

"धरली उघडी. थे पाहे माह्याकडे, मी पाहो तिच्याकडे. मंग तिनं हिरवी जुडी उचलली अन् वरून टाकली. रोज टाके. सांबारासारखी दिसे, वास निराळा." त्यानं धोतराच्या सोग्याची गाठ सोडली. आत त्या जुडीचं बारीक बी होतं. "जायच्या दिवशी हे देल्लं."

शेजारी बसलेला गुलाम नबी ते बी तळव्यावर घेऊन निरखत राहिला. "इतक्या खेपांत मले नाई देल्लं कोनी."

"तुमी कधी झोळी उघडी धरून उभे राहिले का?" शकीला म्हणाली, आणि तेवढ्यात समोर आलेल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत तिनं वांग्यांवर सांबाराची जुडी टाकली.