दोरीच्या गाठी

गेली चार वर्षं मी खोट्या बेटांचे नकाशे काढते. सकाळी मंगरुळपीरला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायचा, दुपारच्या एसटीनं आसेगावला परत यायचं, जेवायचं आणि उजेड असेपर्यंत ओसरीत फळी मांडून बसायचं.

माझी गिऱ्हाइकं परदेशातली. चार-पाच मित्र आठवड्यातून एकदा टेबलाभोवती बसतात आणि एक गोष्ट खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. पुढं काय घडणार ते फाशांवर ठरतं. अशा गोष्टीत कधी तरी खजिन्याचा नकाशा लागतो. तो छापील चालत नाही. हातानं काढलेला, जुनाट दिसणारा लागतो आणि त्यात एखादा संकेत लपवलेला असावा लागतो. खेळणाऱ्यांनी तो सोडवला की खजिना सापडतो.

सुरुवातीला फार चुकले. समुद्र मी पाहिलेला नाही. बेटाचा काठ कसा काढावा ते सुचेना, म्हणून आमच्या गावाची शीवच उचलली आणि शिवेपलीकडं निळा रंग भरला. गिऱ्हाइकाचं उत्तर आलं की बेट सुंदर आहे, पण जहाज कुठं लावायचं? बंदर काढायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. विहिरी मात्र अकरा होत्या.

दुसऱ्या नकाशाला मुंग्या लागल्या. कागद जुना दिसावा म्हणून तो कोऱ्या चहात बुडवून वाळवायचा असतो. चहा मायनं करून दिला होता.

"साखर काहून टाकली?" मी विचारलं.

"बिनसाखरेचा चहा कोन देते व?"

"कागदाले द्याचा होता, माय."

"मंग कागद नाई म्हनला का?"

संकेत मात्र मला शोधावा लागला नाही. तो घरातच होता.

बाबा मोजणीच्या कामावर रोजानं जायचे. मोजणीवाले साहेब आले की साखळी ओढायला, झेंडी धरायला, धुऱ्यावरची, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरची, काटेरी झुडपं तोडायला माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे बाबा. मानोऱ्याकडची, पार पोहरादेवीपर्यंतची शेतं त्यांनी पायाखाली घातली. लिहिता येत नव्हतं, म्हणून ते खिशात सुताची दोरी ठेवायचे आणि चालता चालता तिला गाठी मारायचे. साधी गाठ म्हणजे झाड. फासाची गाठ म्हणजे नाल्याचं वळण. संध्याकाळी साहेबांचा कागद आणि बाबांची दोरी जुळली पाहिजे. जुळली नाही तर बहुतेक वेळा कागदच चुकलेला निघायचा, असं बाबा सांगतात. साहेबांना मी विचारलेलं नाही.

गाठींचा अर्थ त्यांनी कुणालाही सांगितला नाही. धुऱ्यावरून भांडणं व्हायची, आणि दोरी ज्याच्या हातात त्याला दोन्हीकडचे लोक चहाला बोलवायचे. अर्थ फुटला तर गाठ सरकवायला कितीसा वेळ लागतो? मी लहानपणी त्यांची शिदोरी घेऊन शेतात जायची, तेव्हा पाहून पाहून थोडं शिकले होते. त्यांच्या त्या रोजावर माझं बी.ए., एम.ए. झालं. आमच्या घरातली मी पहिली.

नकाशाभोवती मी दोरीची चौकट काढू लागले. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. गाठी वाचल्या तर वाट निघते. गिऱ्हाइकांना ती एवढी आवडली की जो तो तीच मागू लागला. असे तीन नकाशे गेले. बाबांना मी सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं नव्हतं.

या उन्हाळ्यात जुन्या गिऱ्हाइकानं मोठा नकाशा मागवला. सोबत एक पान हवं होतं, की ही गाठींची भाषा कुठून आली ते लिहून द्या. नकाशा चौदा दिवसांत झाला. पान होईना. 'माझीच कल्पना' असं दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. मान धरली होती, तपासायच्या पेपरांचा गठ्ठा तसाच पडला होता. खोटं लिहायलासुद्धा अंगात जोर लागतो. तो नव्हता.

बाबा ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर बसलेले असतात. मोजणीला यंत्र आल्यापासून त्यांना कुणी बोलवत नाही. मी नकाशा नेऊन त्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय होय?"

"नकाशा, बाबा. तिकडच्या लोकायले पाठवाचा हाय."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि चौकटीवरून बोट फिरवलं. तिसऱ्या गाठीवर बोट थांबलं.

"हे तं माही दोरी होय."

"हो."

"कोनाले इचारलं?"

"कोनाले नाई."

"बावीस वर्सं खिशात ठेवली म्या. साहेबाले नाई सांगतलं. तुह्या मायले नाई सांगतलं."

"मले सांगून मी काय केलं असतं?" माय आतून म्हणाली. "चुलीत घालाच्या होत्या का मले गाठी?"

बाबा हसले नाहीत. मी सगळं सांगितलं. तीन गेले, हा चौथा. तुम्ही नाही म्हणाल तर पाठवणार नाही, आणि यापुढं हे कामच करणार नाही. बोलताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. एवढंच मनात आलं, की आता काय ते एकदाचं होऊ द्या.

बाबा बोटानं गाठ गाठ वाचत पुढं गेले. शेवटी विचारलं, "अन् इथं काय हाय?"

"खजिना."

"या जोडगाठीवर?"

"हो. जोडगाठ म्हनजे इहीर ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी हसले. "अवं बाई, इहिरीले काय गाठ माराची? इहीर दिसतेच. जोडगाठ म्हनजे भांडन. इथं दोघं भाऊ एकमेकाच्या अंगावर धावून राह्यले, आपलं तोंड बंद ठेवाचं, अशी निशानी होय थे. तिकडचे लोकं भांडनाच्या जागेवर खंदून राह्यले का आजवर?"

माय दारात येऊन हसत उभी राहिली. मलाही हसू आलं. मग बाबांचं हसू ओसरलं.

"बाकीच्या घे. हे नोको. हे लोकायच्या घरातली गोष्ट होय. त्यातले काही आजून जिते हायेत."

शाई खोडता येत नाही. म्हणजे नवा कागद चहात बुडवायचा, पुन्हा चौदा दिवस. मी तिथंच खाली बसले.

"मंग खजिन्यावर कोनती मारू, बाबा?"

त्यांनी उशाखालून दोरी काढली. बोटं आता आखडतात, वेळ लागला. एक सैल गाठ झाली. टोक ओढलं की सुटणारी.

"हे मी कदी पाह्यली नाई."

"कशी पाह्यशील? घरी येयेपर्यंत मी सोडून टाको. साहेबाच्या कागदात त्या जाग्याले काही काम नसे."

"कोनती जागा?"

"सावली. इथं बसून तू आनलेली भाकर खाल्ली."

दुसऱ्या दिवशी मायनं चहा केला आणि साखर टाकायची नाही ना, असं दोनदा विचारलं. नकाशा पुन्हा काढायला सोळा दिवस लागले. हात पूर्वीसारखा चालत नाही. पान एका बैठकीत झालं. ही भाषा माझ्या वडिलांची आहे, असं लिहिलं. आधीचे तीन नकाशे ज्यांना गेले त्यांनाही तेच कळवलं. शिवाय लिहिलं, की तुमच्या खजिन्यावरची खूण माझ्या हातून चुकली आहे, ती पुन्हा कुठं वापरू नका, आणि कागद परत पाठवलात तर नवा काढून देईन. दोघांचे परत आले. त्यांचंही काम आता आहेच.

पाकीट बंद करण्याआधी नकाशा बाबांना दाखवला. त्यांनी सुरुवातीपासून बोट फिरवलं, सैल गाठीवर येऊन थांबले आणि कागद माझ्याकडं दिला.

"जुळली," म्हणाले, आणि खाटेवर आडवे झाले.