अर्जाआधीचा प्रश्न

सदर भागातल्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली तेव्हा एक टायपिस्ट बसत. मुंबईत बारा वर्षं हिंदी सिनेमे लिहून परतलेले; पडद्यावर नाव एकदाही आलं नव्हतं. बाबा गेल्यावर पेन्शनच्या अर्जासाठी मी आईला त्यांच्याकडे नेलं. टाइपरायटरवर बोटं ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"ताई, भाऊजी घरी आले की पहिले काय म्हणत?"

आई गडबडली. "'पाणी दे वं.' हातात पेला दिला तरी म्हणतच."

ते हसले आणि तीन कोरड्या ओळी टाइप केल्या.

"मग ते काहून विचारलं?" मी चिडलो.

"माणूस दिसल्याबिगर मले लिहिताच येत नाही गा. तिकडची सवय."

अर्जात बाबांचा फक्त हुद्दा होता. पण महिनाभर गप्प असलेली आई आमचं प्रताप नगर येईपर्यंत बाबांबद्दलच बोलत होती.