डोमाजी मिस्त्रींनी सांगितलं होतं

डोमाजी मिस्त्री माणसाशी बोलण्याआधी त्याच्या गाडीचं तेल तपासत. दारात लॉरी थांबली की ड्रायव्हरकडे ते बघतसुद्धा नसत. तेलाची कांडी ओढायची, टोकाचा थेंब अंगठ्यावर घेऊन चोळायचा, हुंगायचा आणि मगच विचारायचं, "का गा, इंजन आहे का चूल आहे थे?"

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून गोंदियातल्या कितीतरी गाड्या कोळशाच्या गॅसवर चालत आणि इंजिनात काजळी धरत. त्यावर मिस्त्रींचा उपाय ठरलेला. जुन्या तेलात घासलेट ओतायचं, गाडी जागेवरच थोडा वेळ मंद चालू ठेवायची, गरम असतानाच खालचं बूच काढून सगळा काळा गाळ बाहेर काढायचा आणि मग नवं तेल भरायचं. याला ते जुलाब म्हणत.

"जुलाब घेतलेला मानूस खाटेवर पाहिजे," ते प्रत्येक ड्रायव्हरला बजावत. "घासलेटानं तेल पातळ होते. तसंच पळवशीन त बेअरिंग जळते. मंग माह्या नावानं बोंबलू नको."

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि चोरून सरकारविरुद्ध पत्रकं लिहीत होतो. आमचे गठ्ठे लॉऱ्यांतून गावोगाव जात, म्हणून मी मिस्त्रींच्या दुकानातच पडून असे. मिस्त्रींनी एकदा सीटखालून एक गठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. "ठेवाचं असन त मले सांगून ठेव. मशीनमंदी काय आहे, थे मले मालूम पाहिजे."

"देश पेटलाय मिस्त्री, आणि तुम्ही काजळी पुसताय!" मी चिडून म्हणालो.

"पेटल्यावरच काजळी धरते, बाबू," ते म्हणाले आणि पुसत राहिले.

बेचाळीस साली एका सकाळी पोलिसांची लॉरी त्यांच्या दारात आली. इंजिन धापा टाकत होतं. मिस्त्रींनी कांडी हुंगली, घासलेट ओतलं आणि गाडी जागेवर चालू ठेवली. तेवढ्यात इन्स्पेक्टर धावतच आला. ताबडतोब कामठ्याला निघायचं होतं.

कामठ्यात धानाच्या कोठीमागे आमचं पत्रकं छापायचं यंत्र होतं आणि माझे तीन सोबती तिथेच होते. त्यांना निरोप द्यायला वेळ नव्हता.

मिस्त्री बॉनेटसमोर उभे राहिले. "साहेब, अर्धा तास थांबा. घान काढतो, नवं तेल टाकतो."

पोलिसांचा ड्रायव्हर हसला. "अरे मिस्त्री, चलते-चलते साफ हो जाएगा!"

"चालता चालता जुलाब घेतला का तू कधी? इंजन बसून जाते, भाऊ."

मी मागून त्यांची बाही ओढली. कानाशी म्हणालो, "गप्प राहा ना! जाऊ द्या त्यांना." त्यांनी हात झटकला आणि आधीपेक्षा मोठ्यांदा म्हणाले, "साहेब, सगळ्यांसमोर सांगून राहिलो. ही गाडी कामठ्याले पोचत नाही."

संतापाने मी दातओठ खात होतो. शत्रूला सावध करणारा हा कसला माणूस! पण इन्स्पेक्टरला वाटलं, कोणाला तरी पळायला सवड मिळावी म्हणून मिस्त्री वेळ काढतोय. त्याने त्यांच्या खांद्यावर छडी मारली आणि लॉरी धूर सोडत निघून गेली.

ती कामठ्याच्या अलीकडेच बसली. पोलीस चालत येताना दुरूनच दिसले आणि ते पोचेपर्यंत माझे सोबती यंत्र घेऊन बांधांवरून पसार झाले होते.

बातमी कळताच मी हर्षाने पत्रक लिहिलं. घासलेट पाजून सरकारची लॉरी मारणारा शूर मिस्त्री! नाव लिहिलं नव्हतं, याचा मला अभिमान होता. पण गोंदियात इंजिनाला घासलेटाचा जुलाब देणारा मिस्त्री एकच होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच संध्याकाळी पोलिसांनी डोमाजींना नेलं. खटल्यात त्यांच्याविरुद्ध माझंच पत्रक मांडलं गेलं. "मी सांगितलं होतं," एवढंच ते म्हणत राहिले. कोर्टाने ऐकलं नाही.

मी लपून होतो. आमच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना म्हणालो, पत्रक खोटं आहे, मी कोर्टात जातो. ते म्हणाले, "पत्रकानं माणसं उठली आहेत. आता गप्प राहायचं." आणि मी गप्प राहिलो. सत्यासाठी प्राण देऊ, असं पत्रकांतून लिहिणारा मी.

दीड वर्षाने ते सुटले. चौकात सभा भरली. तोवर धरपकड थंडावली होती, म्हणून मीही मंचावर होतो. कोणीतरी "लॉरीचा काळ!" अशी घोषणा दिली. मिस्त्रींनी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"बाप्पा, मी लॉरी मोडली नाही. थे मोडनार होती म्हनून सांगितलं. मोडाची असती त मले येते. पन बिमार इंजन कोनाचंही असो, दारात आल्यावर मी त्याले मारत नाही."

सभा थंड पडली. मागून आवाज आला, "डर गया बुड्ढा!"

तेव्हा मी उठलो. पत्रक मी लिहिलं, ते खोटं होतं, मिस्त्री ओरडून सांगत होते आणि मी त्यांची बाही ओढत होतो, हे सगळं बोललो. लोक उठून जाऊ लागले. ज्यांनी हार आणले होते ते सगळ्यांत आधी गेले.

त्यानंतर डोमाजींनी दुकान उघडलं नाही. ते अर्जुनी मोरगावकडच्या आपल्या गावी राहिले आणि गेल्या उन्हाळ्यात वारले. सभेच्या दिवशी स्टेशनाच्या वाटेवर बोललो, तेच आमचं शेवटचं बोलणं. मी माफी मागितली.

"हे कोर्टात काऊन नाही बोलला?" त्यांनी विचारलं.

"मलाही आत टाकलं असतं, मिस्त्री."

ते थांबले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"मंग? जागा होती ना तिथं."