वहीत लिहिलेली नवी रिंग

जहाजावरून उतरून मला तीन आठवडे झाले होते. धरणगावच्या आमच्या घरात फोन नीट लागतो तो गच्चीवरच, म्हणून आई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती तिथंच मी बसले होते. माझ्या जागी जहाजावर गेलेल्या इंजिनिअरचा सकाळपासूनचा हा तिसरा कॉल होता.

"मॅडम, प्युरिफायर मिटतच नाही. सगळं तेल गाळात चाललंय."

जहाजाचं इंजिन जाड, काळं तेल जाळतं. ते आधी प्युरिफायरच्या भांड्यात प्रचंड वेगानं फिरवून त्यातलं पाणी आणि गाळ काढावा लागतो. भांडं घट्ट मिटलं नाही, तर चांगलं तेलही गाळाच्या टाकीत जातं. जहाजावरचा दुसरा प्युरिफायर आधीच दुरुस्तीसाठी खोलून ठेवला होता. साफ तेल संध्याकाळपर्यंत पुरलं असतं, त्याऐवजी जाळायचं डिझेल त्याहूनही थोडं होतं आणि किनारा दोन दिवस लांब.

"भांडं मिटवणाऱ्या पाण्याची जाळी बघितली?"

"साफ केली. दाब बरोबर आहे. छोटे व्हॉल्व्हही बदलले. आता चीफ इंजिनिअर म्हणतात, खालचं सगळं खोलू."

"आणि भांडं घट्ट मिटवणारी वरची रिंग?"

"ती तर तुम्हीच उतरताना नवी बसवलीत ना? कामाच्या वहीत लिहिलंय."

मी नवी रिंग बसवलीच नव्हती. ती खाचेत जाता जात नव्हती, बंदर जवळ आलं होतं, माझं सामान बांधून तयार होतं. जुनी बरी दिसली, तीच परत घातली आणि वहीत लिहून टाकलं, 'रिंग बदलली.' त्या ओळीवर विश्वास ठेवून तिथं कुणी रिंगकडे बघतच नव्हतं.

"पाच मिनिटांत करते," म्हणून मी फोन ठेवला. माझ्या बढतीची शिफारस चीफच्याच हातात होती.

आईनं वळून पाहिलं. "काय व्हयनं?"

मी सगळं सांगितलं. तिला प्युरिफायर कळला नसेल, पण खोटं लिहिलंय एवढं कळलं.

"तिठे माणसं शेत ना? मंग जे शे ते सांगी टाक."

तिथं माणसं आहेत, खरं ते सांगून टाक, एवढंच तिचं म्हणणं. मी थेट चीफना फोन लावला. रिंग बदललीच नव्हती, वहीत खोटं लिहिलं, हे सांगून टाकलं.

"नवी रिंग कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"स्टोअरच्या तिसऱ्या खणात, सर. आधी गरम पाण्यात ठेवा. मऊ पडली की बसेल. मी घाईत तसं केलं नव्हतं."

त्यांनी फोन कापला.

पुढचे दोन तास मी गच्चीच्या या टोकाहून त्या टोकाला फिरत होते. मध्येच नेट गेलं, तेव्हा तर इंजिन बंद पडलंय असंच वाटलं. मग त्या इंजिनिअरकडून एक फोटो आला. जुन्या रिंगला एका जागी नखाएवढी खाच पडली होती. त्यामागून मेसेज, "मिटला. साफ तेलाची टाकी भरतेय."

मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले.

संध्याकाळी चीफचा फोन आला. "मला हे रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

"लिहा, सर."

त्यांनी लिहिलं. पुढच्या जहाजावर मी जुन्याच हुद्द्यावर गेले. बढती का हुकली, ते वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही. आईनंही नाही.