मनकर्णामावशीचा हौद

बोरीच्या आसपासच्या पाच तलावांवरची फाटकी जाळी एकाच ओसरीवर यायची, मनकर्णामावशीच्या. भोयाच्या घरातली बाई, साठी ओलांडलेली, चष्म्याची एक काडी जाळ्याच्याच दोऱ्याने बांधलेली. तोंड असं तिखट की मच्छीमार सोसायटीचा चेअरमनही तिच्यापुढे जपून बोलायचा. तिने घातलेली गाठ सुटली असं मी तरी ऐकलेलं नाही.

मी दिनकर. गावच्या नळयोजनेची मोटर चालवतो. माझा मासळीशी संबंध फक्त ताटातला. पण गेल्या वर्षी माघात नळाचं पाणी करंगळीएवढं झालं आणि लोक माझ्या दारात भांडायला आले. मोटर ठणठणीत होती. शेवटी पाइपाच्या तलावातल्या तोंडाला असतो तो फूटव्हॉल्व्ह वर ओढला, तर त्याची जाळी दिसेचना. नखाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे शिंपले एकावर एक चिकटून बसले होते. आपल्याकडचा शिंपला चिखलात पडून असतो, कुणाच्या अंगाला लागत नाही. हा मात्र खरवडून काढावा लागला. मी दिवसभर खरवडला, हात सोलून घेतले. दोन महिन्यांत तो परत हजर.

मग मत्स्य खात्याच्या रोहिणी मॅडम आल्या. शिंपला बाहेरचा आहे, म्हणाल्या. आपल्याच अंगातल्या धाग्यांनी चिकटतो. त्याची पिल्लं इतकी बारीक की तांब्याभर पाण्यात असली तरी दिसायची नाहीत. ओल्या जाळ्यातून, दोरातून एका तलावातून दुसऱ्यात जातो. लोक पितात त्या पाण्यात औषध टाकता येत नाही. एकच उपाय, एका पाण्यातली वस्तू दुसऱ्या पाण्यात घालण्याआधी आठ दिवस कडक उन्हात वाळवायची. चार तलावांत तो सापडला. माळावरचा तलाव तेवढा स्वच्छ निघाला. त्याच्यावर दोन गावांचं पिण्याचं पाणी आणि तीन किलोमीटर जमिनीखालचा पाइप. तिथे हे शिरलं तर खरवडायला कुणाचा हात पोचणार?

मला राग काढायला कुणीतरी हवं होतं. मी थेट मावशीच्या ओसरीवर गेलो.

"तुमचे भोई या तळ्यातून त्या तळ्यात ओली जाळी घेऊन हिंडतेत, अन् निस्तरायचं मी," म्हणालो.

मावशीने एरवी मला दारातूनच परतवलं असतं. त्या दिवशी तिने सगळं ऐकून घेतलं, शिंपला कसा दिसतो ते दोनदा विचारलं आणि मला परसात नेलं. तिथे सिमेंटचा हौद होता. पाचही तलावांची जाळी त्यात एकत्र भिजत पडायची. गाळ वाळला की नायलॉन ताठ होतं, बोटं कापतं. भिजवलं की मऊ येतं आणि ओली गाठ घट्ट बसते. गडीही ओलं जाळंच मागायचे, लवकर बुडतं म्हणून. तिने बाही वर सारून हौदाच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवला. मूठ उघडली, तर त्यात तेच पट्ट्यापट्ट्यांचे शिंपले.

"दिनकर, हे माज्याच घरातून गेलंय," ती म्हणाली आणि हौदाच्या काठावर बसली. "सुती जाळं व्हतं तवा सासू रोज बांबूवर वाळवायची. न्हाई वाळवलं तर कुजायचं. नायलॉन आलं, कुजंना, म्हणून मी बांबू चुलीत घातले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला तिची दया आली, आणि ते तिला आवडणार नाही हे मला माहीत होतं.

हौदात तेव्हा माळावरच्या तलावाचं मोठं जाळं पडलं होतं, त्या वर्षी पहिल्यांदाच आलेलं. ते न्यायला संध्याकाळी तिचा मुलगा भुजंग आला. दुसऱ्या दिवशी तिथे मासळीची ओढ होती, जिंतूरच्या व्यापाऱ्याला गाडी सांगून झाली होती.

"जाळं मिळायचं न्हाई. आठ दिवस वाळंल, मंग ने," मावशी म्हणाली.

"माय, गाडी यायलीय उद्या. पंधरा माणसं सांगितलीत मी."

"पंधरा माणसांला सांग, मायनं अडवलं."

"काय म्हणून अडवलं म्हणू?"

"माज्या हौदानं चार तळी नासली म्हणून."

भुजंग खाली बसला. आवाज हळू करून म्हणाला, "असं गावात बोलू नगंस. उद्या कुणी जाळं देणार न्हाई तुला. हातातलं काम जाईल."

खरं बोलत होता तो. आणि तिला ते त्याच्या आधी कळलेलं होतं.

रविवारी सोसायटीच्या बैठकीत ती उभी राहिली. रोहिणी मॅडम म्हणाल्या, हौदातूनच गेलं असं खात्रीने सांगता येणार नाही. मी असतो तर तेवढंच धरून खाली बसलो असतो. मावशी बसली नाही. "मला खात्री हाय," म्हणाली. हौद फोडते, परसात बांबू रोवते, वाळल्याशिवाय एकही जाळं दुसऱ्या पाण्यात जाणार नाही, हे सगळं तिने ठणकावून सांगितलं. दोन तलावांच्या लोकांनी जाळी उचलून शिवायला पूर्णा गावात नेली. त्या आठवड्यात ती माझ्या बायकोजवळ रडली. पण हौद फोडला, आणि ताठ नायलॉनवर बोटं कापून घेत शिवत राहिली.

यंदाच्या हिवाळ्यात माळावरच्या तलावाची तपासणी झाली. मॅडमनी वर्षभरापूर्वी पाण्यात दोराने सहा कौलं सोडून ठेवली होती. शिंपला आला असता तर आधी त्यांवर बसला असता. भुजंगने दोर ओढला. काठावर दोन्ही गावांची माणसं जमली होती. मॅडमनी पहिलं कौल मावशीच्या हातात दिलं.

त्यातल्या एका गावचा एक जण मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "जिनं चार तळी नासली तीच तपासणार व्हय?"

भुजंग त्याच्यावर धावून जाणार होता. मावशीने त्याला नजरेनेच थांबवलं.

"व्हय, तीच," ती म्हणाली. "ते हाताला कसं लागतंय, हे हितं मलाच म्हाईत हाय."

तिने कौल दोन्ही बाजूंनी, कडांवरून, खालच्या खाचेतून चाचपलं. घाई केली नाही. मग दुसरं, मग तिसरं. सहाही कौलं झाली.

"गाळ हाय नुसता. बाकी काई न्हाई."

मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि मान डोलावली. लोक पांगायला लागले. मावशीने मात्र त्या बोलणाऱ्याला बोलावलं, त्याचा हात धरून कौलावर ठेवला.

"नीट चाचप," म्हणाली. "निर्मळ कौल असं लागतंय. पुढल्या खेपंला तू बघायचंस. पाणी तुमीच पिता."

तो खाली बसला आणि एकेक कौल चाचपू लागला.